मावशी, तुझं घर कुणी गहाण टाकलेलं नाही

परवा मावशीकडे गेलो तर मालमत्ता कराचं बिल देव्हाऱ्यामागे खोचलेलं. "यंदा भरणार नाही," म्हणाली. कारण व्हॉट्सॲप. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला मजकूर थोडक्यात असा: पुणे महापालिकेने २०० कोटींचे बाँड (म्हणजे रोखे, गुंतवणूकदारांकडून व्याजाने घेतलेलं कर्ज) काढून शहर गहाण टाकलंय, हप्ता चुकला की बाँडवाले आपली घरं जप्त करणार, म्हणून कर भरणं बंद करा, असलं काम इंग्रजांनीही केलं नव्हतं, आणि एवढं करून पैसे नुसते बँकेत पडून राहिले. खाली जोडलेले हात आणि "पुढे पाठवा".

इंग्रजांचं आधी उरकतो. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातच कर्ज काढायची तरतूद आहे. आणि रोखेही पुण्याने पहिल्यांदा काढलेले नाहीत: अहमदाबाद महापालिकेने १९९८ मध्ये रोख्यांतून १०० कोटी उभे केले, तेही राज्य सरकारच्या हमीशिवाय. झालं.

आता जप्ती. जे स्वतःच्या मालकीचं नाही ते महापालिका गहाण कसं टाकणार? पुण्याने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी १० वर्षांचे रोखे काढले, व्याज ७.५९ टक्के. त्याला तारण आहे ते महापालिकेकडे जमा होणाऱ्या मालमत्ता कराचं. मावशीच्या दोन खोल्यांचं नव्हे. कराचा पैसा एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कामासाठीच राखून ठेवलेल्या वेगळ्या बँक खात्यात जातो, तिथून व्याज आणि मुद्दलाची तजवीज आधी बाजूला निघते, उरलेलं महापालिकेला खर्चायला मिळतं. पैसा कुठल्या कामासाठी घेतोय हे आधी ठरवायचं आणि त्याच कामाला लावायचं, हे सेबीच्या (शेअर-रोखे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) २०१५ च्या नियमांतच आहे. व्याज वर्षाला १५ कोटी १८ लाख. मालमत्ता कराची वसुली हजार कोटींच्या वर. यात शहर कुठे बुडालं?

आणि मला खरा संताप येतो तो "कर भरू नका" याचा. अहो, रोखेवाल्याचा वाटा आधीच निघतो! तुम्ही कर थकवलात तर त्याचं काही अडत नाही. खड्डा पडतो तो उरलेल्या पैशात, म्हणजे गल्लीतल्या दिव्यांत आणि झाडलोटीत. शिवाय थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड. १२ हजार थकले तर महिन्याला २४० रुपये, वर्षाला २,८८०. रोखेवाल्याला साडेसात टक्के मिळताहेत म्हणून चिडून मावशी स्वतः २४ टक्के मोजणार. मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःचं बिल बहुतेक मुदतीत, सूट घेऊन भरलेलं असणार.

पैसे पडून राहिल्याचं मात्र नाकारता येत नाही. रोखे आधी निघाले, मग निविदा वादात सापडून रद्द झाल्या, फेरनिविदा निघाल्या, आणि तोवर रक्कम बँकेत. पाण्याची मीटरं नंतर आली, व्याजाचं आधी सुरू झालं. रोखे काढल्याबद्दल केंद्राने अमृत या शहरविकासाच्या योजनेतून २६ कोटींचं प्रोत्साहन दिलं, हे खरं. पण त्याने ही घाई माफ होत नाही. यावर कुणी जाब विचारत असेल तर मीही सोबत येतो.

हे सगळं मावशीला सांगितलं. तिने बिल काढून माझ्या हातात दिलं. "भर मग तूच ऑनलाइन. आणि पाणी चोवीस तास कधी येणार ते विचार त्यांना."