कापलेलं परत जोडता येतं, म्हणून

डॉक्टरकाका, सादर नमस्कार.

शरीररचना शिकवणाऱ्या पडद्यावरच्या थ्रीडी मॉडेलवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : "फॉर्मॅलिनने डोळे झोंबल्याशिवाय ॲनाटॉमी येत नाही. पडद्यावर सगळी शरीरं सारखीच. आमच्या टेबलावर यकृताची उजवी धमनी भलतीकडूनच आली होती, ती अजून विसरलो नाही." इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजात शिकलेल्या माणसाचं हे म्हणणं मी दोनदा वाचलं. लेखात मी मॉडेलला डिसेक्शनचा, म्हणजे मृतदेह कापून शिकण्याचा, 'पर्याय' म्हटलं होतं. तो शब्द चूक होता, आज काढला.

धमनीचं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. ती कधी सुपीरियर मेसेंटेरिकमधून, म्हणजे आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या धमनीतून, निघते आणि हे ठाऊक नसलेला हात पित्ताशय काढताना घात करून बसतो. नेहमीच्या मॉडेलात ती पुस्तकातल्यासारखीच निघते. बोटांना कळणारा नर्व्ह (मज्जातंतू) आणि व्हेन (शीर) यांच्यातला फरकही पडदा शिकवत नाही.

पण काका, टेबलावर कापलेलं परत जोडता येत नाही. टेरिगोपॅलेटाइन फॉसा आठवा. वरच्या जबड्यामागची एवढीशी पोकळी. मॅक्सिलरी नर्व्ह, मॅक्सिलरी धमनीचा शेवटचा भाग, गँग्लिऑन म्हणजे मज्जापेशींची गाठ, सगळं दाटीवाटीने. तिथवर जायला हाड फोडावं लागतं आणि पोचेपर्यंत तिच्या भिंतीच उरत नाहीत. माझ्या वर्गातली मुलं ती वर्षानुवर्षं नुसती पाठ करायची. आता हाड पारदर्शक करून फोरामेन रोटंडम या कवटीतल्या भोकातून नर्व्ह आत शिरताना बघतात, हाड परत बसवतात, कवटी फिरवून मागूनही बघतात.

आणि ही विद्या देहदानाच्या विरोधात नाही, त्यातूनच वाढली आहे. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या 'व्हिजिबल ह्यूमन' प्रकल्पात एका पुरुषाचा दान केलेला देह गोठवून एकेक मिलिमीटर तासत नेला, प्रत्येक थराचा फोटो काढला. १,८७१ थर. ते १९९४ साली खुले झाले, पुढच्या वर्षी एका स्त्रीच्या देहाचे, ०.३३ मिलिमीटरचे. असल्या थरांवरून कितीतरी मॉडेलं बांधली गेली.

नुसतं मॉडेल गरागरा फिरवून काही येत नाही, हेही मी पाहिलंय. म्हणून आधी कागदावर छेद काढायला लावतो, मग पडद्यावर तिथेच कापायचं. चूक मुलांना स्वतःच सापडते. त्यानंतर डिसेक्शन हॉल.

एक विनंती आहे. तुमच्या टेबलावरच्या त्या धमनीची आठवेल तशी आकृती काढून पाठवाल का? मॉडेलशेजारी लावून मुलांना दाखवीन.