ऑक्सिमीटर 98 दाखवतो, मग पाय जड का पडतात?

भरतीच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: '1600 मीटरच्या आधी वीस खोल श्वास घ्या, जमलं तर डब्यातला ऑक्सिजन ओढा. रक्तात ऑक्सिजन साठतो. दम लागतो कारण फुप्फुसं कमी पडतात.' परभणीत पहाटे पोरं पळायला घेतो, रोज कुणीतरी हेच विचारतं.

साठतो हे पहिलं चूक. निरोगी पोराचं हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणारा पदार्थ, बसल्या जागीच 97-98 टक्के भरलेलं असतं. भरल्या पोत्यात आणखी ज्वारी कुठं कोंबणार? उलट भराभर श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि ऐन शिट्टीच्या वेळी गरगरतं. डबा तोंडापासून काढला की त्याचा असर काही श्वासांत संपतो.

फुप्फुसांचं म्हणाल तर बहुतेकांची पुरून उरतात. अडतं ते पोचवण्यात. बसल्यावर हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फेकतं, जीव तोडून पळताना वीस-पंचवीस. त्यातलं 80 टक्के स्नायूंकडे जातं, तरी त्यांची भूक भागत नाही. 1985 मध्ये डेन्मार्कमध्ये फक्त मांडीच्या पुढच्या स्नायूला काम देऊन मोजलं, तर तो किलोमागे कितीतरी जास्त रक्त ओढू शकतो असं दिसलं. सगळं अंग पळायला लागलं की तेवढं रक्त हृदयाला पुरवता येत नाही.

आणि पोतीच, म्हणजे हिमोग्लोबिनच, कमी असलं तर? ऊसतोडीवरून परतलेली एक पोरगी 800 मीटरच्या दुसऱ्या फेरीत खाली बसायची. बोटाला ऑक्सिमीटर लावला, 98. खालची पापणी ओढून पाहिली, पांढरीफटक. हिमोग्लोबिन निघालं 9, म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 9 ग्रॅम. ऑक्सिमीटर पोती भरलीत का एवढंच सांगतो, किती आहेत ते नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. म्हणजे तिच्या 100 मिलिलिटर रक्तात 12 मिलिलिटर, साडेतेरा असतं तर 18.

आपल्या बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे सरावाला अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्जच्या उंचीवर गेला, जिथली हवा विरळ आहे. तिथं राहिलं की शरीर हळूहळू हिमोग्लोबिनच्या तांबड्या पेशी, म्हणजे पोतीच, वाढवतं. ऑक्सिजन आधी भरून ठेवता आला असता तर कुणी विरळ हवेत कशाला गेलं असतं?

त्या पोरीला दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. जेवणावर लगेच चहा प्यायची, त्यानं लोह नीट अंगी लागत नाही, म्हणून तो मी बंद करायला लावला. तीन महिन्यांनी दोन्ही फेऱ्या तिनं न बसता पुऱ्या केल्या.