‘आधी पेपर वाचा’ म्हणणाऱ्या अनामिकांना

अनामिक साहेब,

पानातल्या शिरा कशा घडतात या माझ्या लेखावरची तुमची कमेंट काल रात्रीच वाचली, उत्तर मुद्दाम आज देतोय, काल दिलं असतं तर भाषा जरा वेगळी झाली असती. तुमचं म्हणणं असं की पानातल्या शिरा पिन प्रथिनांमुळे (ऑक्सिन हे वनस्पतीचं वाढीचं संप्रेरक पेशीबाहेर काढणारी प्रथिनं) घडतात हे अर्धवट आहे, पिन नसले तरी शिरा येतातच, शीर पायवाटेसारखी पडते हे माझं उदाहरण पोरकट आहे, आणि वर "आधी पेपर वाचा, मग शिकवा".

ते शेवटचंच आधी घेऊ. एमेस्सीला आम्ही वाटाण्याच्या खोडाचे ब्लेडने काप काढून सॅफ्रनिन या लाल रंगात रंगवायचो, बोटं लाल व्हायची, धड मायक्रोस्कोप एकच म्हणून झायलेम, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, बघायला रांग लागायची, आणि पुढे इतकी वर्षं तेच पोरांना शिकवतोय. वनस्पतिशास्त्रज्ञ त्सवी साक्स यांनी वाटाण्याच्या खोडाला ऑक्सिन लावून झायलेमचे नवे धागे कसे तयार करून दाखवले ते मला अनामिकाकडून शिकायचं नाही. पायवाट त्यांच्याच विचारावर बेतलीय: ज्या पेशींतून ऑक्सिन जास्त जातं त्यांची ते वाहून न्यायची ताकद वाढत जाते, शेवटी तेवढीच रांग शीर होते. पोरकट तर पोरकट, बारावीच्या मुलांना कळतं. आणि इतका अधिकार आहे तर नाव लिहायला काय होतं हो?

एक मान्य. पिन-वन जीन सापडल्याचं साल मी लेखात 1991 दिलं, ते चुकलं. तेव्हा फक्त सुईसारख्या बोडक्या दांड्याच्या ॲरॅबिडॉप्सिसचं (प्रयोगशाळेतलं नेहमीचं छोटं रोप) वर्णन आलं होतं, त्यामागचा पिन-वन जीन हाती लागला तो पेपर 1998 चा. बदललंय.

बाकी पिन नसतानाही शिरा येतात, हो येतात, पण कशा ते बघा ना! एनपीए हे रसायन देऊन ऑक्सिनची वाहतूक अडवली की पानाच्या कडेला शिरांची नुसती गर्दी होते. ऑक्सिन पेशीत शिरलं की आयन होऊन अडकतं, बाहेर काढायला पिनसारखं प्रथिन लागतं, आणि ते पेशीच्या ज्या बाजूला बसलंय तिकडेच प्रवाह जातो, एवढंच मी लिहिलं होतं. ऑक्सिनचा सिग्नल ओळखणारी यंत्रणाही शिरा घडवते, हे मी नाकारलंय कुठे? ऑक्सिनची ने-आण करणारी ऑक्स-वन, एबीसीबी ही बाकीची प्रथिनं सोडली म्हणता, अहो तो लेख होता, थिसिस नव्हे.

व्हॅक्युओलच्या (पेशीतल्या रसाच्या पिशवीच्या) पटलावरच्या वॅट-वन या प्रथिनावर पुढची पोस्ट येतेय, ते नसलं की खोडातल्या तंतूंच्या भिंती पातळ राहतात. तिथे जरूर या, पण नावानिशी, नाहीतर कमेंट पास होणार नाही.