पराशा काही संपेना

बँकेतून निवृत्त झालेल्या, साखर आणि रक्तदाब दोन्ही सांभाळणाऱ्या ठाण्याच्या माणसाने अकराव्या शतकातल्या राशी नावाच्या फ्रेंच रब्बीच्या, म्हणजे ज्यू धर्मपंडिताच्या, नादी लागू नये, हे मला कोणी वेळेवर सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, रोज थोडं चाला. मुलगी म्हणाली, रोज थोडं वाचा. चालणं टाळता येतं, कारण डॉक्टर रात्री फोन करून विचारत नाहीत. मुलगी विचारते. इस्राएलमधल्या अश्दोदला राहते, तिकडून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सामानात तिने एकेक करून ज्यू धर्मग्रंथावरच्या भाष्यांचे असे इंग्रजी खंड धाडले, की आणणाऱ्याने दुसऱ्यांदा आमच्याकडे चहाला यायचंच सोडलं.

व्यवहार वरून सोपा दिसतो. तोरा म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं. तिचे वर्षभराला ५४ भाग, म्हणजे पराशा. दर शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, त्या आठवड्याची पराशा वाचली जाते. तालमूद या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथाचा आग्रह असा, की ती प्रत्येकाने घरीही वाचून पुरी करावी: मूळ दोनदा आणि अरामी अनुवाद एकदा. पुढच्या शास्त्रकारांनी त्यात सवलत दिली, की अनुवादाच्या जागी राशीचं भाष्य वाचलं तरी चालेल. सवलत म्हटलं की खालचं बारीक अक्षर आधी वाचावं, हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो. इथे सगळंच बारीक अक्षर आहे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. लहानपणी हिब्रू अक्षरं गिरवली, त्यामुळे सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेची पोथी, मी धडाधड वाचतो. मध्ये थांबवून कोणी अर्थ विचारू नये एवढीच अपेक्षा. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, मराठी अनुवादासह १८४६ सालीच मुंबईत छापून निघाली, पण हे मध्ययुगीन भाष्यकार मराठी बोलताना मला काही भेटले नाहीत. म्हणून इंग्रजी. त्यात राशीची एक खोड अशी, की एखादी वस्तू नीट समजावी म्हणून तो तिला त्याच्या गावच्या जुन्या फ्रेंचमध्ये काय म्हणतात तेही सांगून टाकतो. म्हणजे हिब्रूत अडलेलं फ्रेंचमध्ये समजावलेलं इंग्रजीत वाचून बायकोला मराठीत सांगायचं. एवढ्या हातांतून गेलेली भाजीसुद्धा ताजी राहत नाही.

आणि ज्यांच्या नावाने हे सगळं करायचं, त्या आमच्या पूर्वजांचं काय? परंपरा सांगते की ते जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, पुस्तकं गेली, भाषा गेली, उरला तो शेमा, देव एकच आहे असं सांगणारा. एक वाक्य! जन्माला शेमा, लग्नाला शेमा, मरणाला शेमा. तेवढ्यावर कित्येक पिढ्या धर्म टिकवला, शनिवारी घाणा बंद ठेवला आणि शनवार तेली म्हणून नाव कमावलं. मी त्या तेल्यांचाच वंशज. फरक इतकाच, की आता घाण्याला बैलाच्या जागी मी आहे: मधोमध एक ओळ आणि तिच्याभोवती दिवसभर फेऱ्या.

पानाची रचनाच तशी आहे. १५१७ साली व्हेनिसला डॅनियल बोमबर्ग नावाच्या ख्रिस्ती छापखानेवाल्याने मूळ आणि भाष्यं एकत्र देणारं बायबल काढलं, तेव्हापासून ही पद्धत रुळली. पानाच्या पोटात दोन ओळींचं वचन आणि चहूबाजूंनी म्हातारे. माझ्या खंडातही तसंच, फक्त इंग्रजीत. राशी, म्हणजे रब्बी श्लोमो यित्सहाकी, १०४० ते ११०५, फ्रान्समधलं त्र्वा गाव. रशबाम, त्याचा नातू. इब्न एझ्रा, स्पेनमधल्या तुदेलाचा, पण कुठेच स्थिर नसलेला. रांबान, जिरोनाचा वैद्य. शिवाय रांबाम म्हणून एक आहेत ते वेगळेच. "हे सगळे एकाच आळीतले का हो?" असं बायकोने विचारलं होतं. एका आळीत राहिले असते तर आळी उरली नसती.

या चौघांच्या मागे पाचवा बसलेला असतो, तो इंग्रजी अनुवादक. बिचारा सज्जन. भाष्यकाराने अर्धं वाक्य गिळलेलं असतं, ते हा चौकोनी कंसात घालून पुरं करतो. इब्न एझ्राच्या पानावर तर कंसाबाहेर फारसं काही उरतच नाही. तळटीप 'आधीच्या अमुक वचनावरची टीप पाहा' म्हणते. तिथे गेलं की ती टीप आणखी पुढच्या पुस्तकाकडे बोट दाखवते. सरकारी कचेरीत उमेदवारी केलेल्या माणसालाच हे जमावं.

'हाये सारा' ही पराशा आली आणि प्रकरण घरात शिरलं. अब्राहामाचा चाकर मालकाच्या मुलासाठी, इसहाकासाठी, मुलगी बघायला दहा उंट घेऊन निघतो, विहिरीवर रिबका भेटते, ती त्याला पाणी पाजते आणि वर दहाही उंटांना पाजते. सुंदर गोष्ट. बायको मटार सोलत ऐकत होती. नाव तिचंही तेच असल्यामुळे हा भाग ती लक्ष देऊन ऐकते. इथे राशी हिशेब मांडतो. इसहाक जन्मला तेव्हा सारा ९० वर्षांची, वारली तेव्हा १२७ची. म्हणजे आई गेली तेव्हा इसहाक ३७ वर्षांचा. बापाने देवाच्या आज्ञेवरून त्याला बळी द्यायला वेदीवर बांधलं ही वार्ता ऐकूनच ती गेली, म्हणून तो प्रसंगही तेव्हाचाच. रिबका जन्मल्याची बातमी त्या प्रसंगानंतर लगेच आली. लग्नात इसहाक ४० वर्षांचा. वजाबाकी करा: नवरी तीन वर्षांची.

मटार सोलायचे थांबले.

"तीन वर्षांच्या पोरीने दहा उंटांना पाणी पाजलं?"

"राशी म्हणतो."

"त्याने कधी तीन वर्षांचं मूल बघितलं होतं का? आणि उंट?"

राशीला मुली होत्या, नातवंडं होती, हे मी सांगितलं. उंटाबद्दल गप्प बसलो. उत्तर फ्रान्समध्ये उंटांची रहदारी किती असावी याचा अंदाज मलाही होता. चौदा वर्षांची होती असं मानणारेही आहेत, असं सांगून मी तडजोड सुचवली. चौदाला मटार पुन्हा सुरू झाले, पण सावकाश.

माझं समाधान होईना, म्हणून इब्न एझ्राकडे गेलो. त्याने पायाच उखडला. तो म्हणतो, सदतीस हा आकडा पूर्वजांकडून परंपरेने आला असेल तर मान तुकवतो, पण बुद्धीला पटत नाही. सदतीस वर्षांचा धडधाकट पुरुष आपल्या मर्जीने वेदीवर चढला असता, तर कौतुक बापाचं करायचं की मुलाचं? पाच वर्षांचा होता म्हणावं तर लाकडांची मोळी वाहून नेली कशी? तेव्हा असेल तेराच्या आसपास. मी कागदावर मांडलेली वजाबाकी खोडली. मग रांबान काय म्हणतो ते बघायचं ठरवलं, तर त्याची पद्धत ठरलेली: आधी राशी काय म्हणाला ते सगळं, मग इब्न एझ्रा काय म्हणाला ते सगळं, मग दोघांचं कुठे चुकलं ते सगळं, आणि मग 'खरा अर्थ असा की'. या 'खरा अर्थ'पर्यंत पोचेस्तोवर शुक्रवारचा सूर्य कलतो आणि दिवे लावायची वेळ होते. इब्न एझ्राबद्दल त्याने प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय, की उघड खरडपट्टी आणि लपवलेलं प्रेम, असं आमचं राहील. १२६३ साली बार्सिलोनात राजासमोर ख्रिस्ती पंडितांशी जाहीर वाद घातलेला माणूस. तो घरच्यांना काय भिणार?

शेजारच्या काकूंना एवढंच कळलं होतं, की मी राशीचा अभ्यास करतो. एका सकाळी पत्रिका घेऊन हजर. "माझी कन्या. साडेसाती कधी सुटते तेवढं बघा." त्या राशीचा या राशीशी संबंध नाही हे मी परोपरीने सांगितलं, पण माझ्या दुर्दैवाने खरं बोलायची सवय आहे. म्हणालो, काकू, हा नव्हे, पण पलीकडच्या रकान्यातला जाणकार होता. इब्न एझ्राने ११४८च्या सुमारास ज्योतिषावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिलेत. काकूंचे डोळे चमकले. मग मला हेही सांगावं लागलं, की त्याचं स्वतःचं काही जुळलं नाही. स्पेन सोडून रोम, लुक्का, प्रोव्हान्स, लंडन अशी वणवण केली, गाठीला पैसा नाही. एका कवितेत तो म्हणतो, माझ्या जन्मवेळी ग्रहांनीच वाट सोडली. मी मेणबत्त्या विकायला बसलो तर मी मरेपर्यंत सूर्य मावळणार नाही, आणि कफन विकू लागलो तर माझ्या हयातीत कोणी मरणार नाही. काकूंनी पत्रिका पिशवीत ठेवली. "म्हणजे साडेसातीच," म्हणाल्या. इतकं अचूक भाष्य माझ्या खंडांत नाही.

या इब्न एझ्राचा माझा मात्र वेगळाच हिशेब राहिला आहे. तोराच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात, 'तेव्हा त्या देशात कनानी होते' असं एक वाक्य आहे. त्यावर तो म्हणतो की यात एक गुपित आहे, आणि शहाणा गप्प राहील. संपलं. पुढचं वचन. या गप्प राहण्यावर नंतरच्या लोकांनी टीका लिहिल्या आणि त्या टीकांवर तळटीपा. सगळे शहाणे बोलतायत. गप्प मी एकटा.

फोनवर नात असते. तिला हिब्रू पाण्यासारखं येतं आणि माझी दया येते. पुस्तकातल्या हिब्रू बाजूला राशीचं भाष्य वेगळ्याच वळणाच्या अक्षरात छापलेलं असतं. "राशीचं अक्षर आहे हे," मी तिला कौतुकाने दाखवलं. "आजोबा, ते राशीचं नाहीच. छापणाऱ्यांनी घेतलेलं स्पेनकडच्या ज्यूंचं वळण आहे." १४७५ साली इटलीत रेज्जो दि कालाब्रियाला या वळणात राशीचं भाष्य छापलं, तेव्हा त्याला जाऊन ३७० वर्षं झाली होती. बरोबर आहे तिचं. नातवंडांपुढे राशीचीसुद्धा हीच गत होती. रशबाम लिहून ठेवतो, की मी आजोबांशी वाद घातला आणि त्यांनी कबूल केलं, वेळ मिळाला असता तर रोज नव्याने सुचणाऱ्या सरळ अर्थाला धरून भाष्य परत लिहिलं असतं. आजोबा गेल्यावर असलं छापायला बरं पडतं.

भांडण कशावरून? इसहाकाचा मुलगा याकोब रानात झोपतो. झोपताना उशाला 'दगड' अनेक, सकाळी उचलतो तो एक. राशी सांगतो, रात्री दगड आपसांत भांडले. प्रत्येकाला वाटे या सज्जनाने माझ्यावर डोकं ठेवावं. म्हणून देवाने सगळ्यांचा एकच दगड केला. काय बहार आहे! आमच्यात पूर्वी अब्राहामाची, योसेफाची, मोशेची कीर्तनं होत. एखाद्या कीर्तनकाराने हे दगडांचं भांडण तासभर रंगवलं असतं. आणि रशबाम काय म्हणतो? तिथल्या दगडांपैकी एक घेतला. बस. मी राशीच्या बाजूचा आहे. अर्थ रशबामचा बरोबर असेल, पण रात्री झोप राशीच्या दगडावर लागते.

राशीवर जीव बसायला दुसरंही कारण आहे. त्याच अध्यायात थोडं आधी, रिबकेचा उल्लेख 'याकोब आणि एसाव यांची आई' असा येतो. हे तर सगळ्यांना माहीत, मग पुन्हा का सांगितलं? राशी लिहितो: हे काय शिकवतं, मला ठाऊक नाही. मी खुर्चीत सरळ बसलो. एवढा मोठा माणूस. ठाऊक नव्हतं तर पुढे जायचं, कोणाला कळलं असतं? ठाऊक नाही हे त्याने मुद्दाम लिहून का ठेवलं, यावरही पुढच्यांनी पानं खर्ची घातली. ती मी वाचली नाहीत. बायकोला मात्र सांगितलं. "तुम्ही कधी असं म्हणाला असता तर बँकेत मॅनेजर झाला असता," ती म्हणाली. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

एव्हाना सिनेगॉग लाल समुद्र ओलांडून वाळवंटात शिरलं होतं आणि मी याकोबाच्या उशाशीच होतो. लोक सीनाय पर्वताला गेले, मी दगडापाशी. लोक यार्देन नदीच्या काठी पोचले, मी दगडापाशी. मग सिम्हाथ तोरा हा वाचन पुरं होण्याचा सण आला, शेवटचं पुस्तक संपवून त्याच दिवशी पुन्हा पहिलं उघडलं, आणि काही आठवड्यांत अख्खी मंडळी वळसा घालून माझ्यापर्यंत आली. 'वायेत्से' ही पराशा. आयुष्यात प्रथमच माझी तयारी पुरी. हे कसं कोण जाणे बाहेर फुटलं, आणि शनिवारी नाश्त्याच्या आधी मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

उभा राहिलो. पहिलं वचन घेतलं: याकोब बेर-शेबाहून निघाला आणि हारानास गेला. राशी विचारतो, हारानास गेला एवढं पुरे होतं, निघाला हे कशाला? तर, सज्जन माणूस गाव सोडून जातो तेव्हा त्या जागेवर त्याचा ठसा उमटतो. तो असतो तोवर गावाची शोभा तो, तेज तो. हे मी सविस्तर सांगितलं. मग इब्न एझ्रा. मग रशबाम. मग इंग्रजी अनुवादकाचे कंस, आवाज बदलून. आतून उकडलेल्या अंड्यांचा वास येऊ लागला तेव्हा मागच्या बाकावरचे दोघे उठले. मग पाठोपाठ चौघे. सज्जनांच्या जाण्याचा जागेवर परिणाम होतो म्हणतात, तो मला व्यासपीठावरून स्पष्ट दिसत होता. बायकोने वरच्या सज्जातून हाताने खूण केली. मीही तिला बोट दाखवून खुणेनेच सांगितलं, की एकच राहिलाय.

रांबान.