झोत की ट्यूबलाइट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, म्हणून आठवडाभर उत्तर दिलं नाही. गुरुदत्तच्या कृष्णधवल ‘कागज के फूल’मधल्या रिकाम्या स्टुडिओच्या प्रसंगाचा माझा डायोरामा, म्हणजे खोक्यातला छोटा देखावा, बघून तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. वरून येणारा झोत ट्यूबलाइटसारखा दिसतो. मागची भिंत पुढच्या मापात बसत नाही, म्हणजे ही सरळ फसवणूक आहे. आणि बाहुल्यांना नाक-डोळेच नाहीत. वर तुम्ही नाटकांची प्रकाशयोजना करत होतात, हेही लिहिलंत. तेव्हा पहिल्या मुद्द्यावर तुमच्याशी भांडण्यात अर्थ नाही. उरलेल्या दोन मुद्द्यांवर मात्र भांडते.

आधी भिंत. माझं माप १:२४, म्हणजे खऱ्यातला एक फूट इथे अर्धा इंच. सेटची खोली मी ३० मीटर धरली, तर खोका सव्वा मीटर खोल हवा. आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या घरात तेवढी जागा फक्त पलंगाखाली आहे आणि तिथे गहू आहेत. खोका ४० सेंटिमीटरचाच झाला. म्हणून मागची भिंत, शिड्या, वरचा कॅटवॉक (दिवेवाल्यांची उंचावरची अरुंद वाट) १:४८ मध्ये केला आणि जमीन मागे किंचित चढती ठेवली. बाजूने डोकावलं तर सगळं वेडंवाकडंच दिसणार, आणि तुम्ही तोच बाजूने काढलेला फोटो बघून बोलताय. समोरून बघायला ४७ बाय २० सेंटिमीटरची खिडकी ठेवली आहे. हा आकडा उगाच नाही: सिनेमास्कोपमधला, म्हणजे रुंद पडद्याचा, हा आपल्याकडचा पहिला चित्रपट, आणि २.३५ ला १ हे त्या चौकटीचं प्रमाण. मी स्टुडिओची प्रतिकृती केलेली नाही, कॅमेऱ्याला जे दिसलं ते केलंय. डायोरामा हा शब्दही तिथूनच आला. १८२२ मध्ये दागेर आणि बूतों या चित्रकारांनी पॅरिसमध्ये ज्या खेळाला हे नाव दिलं, त्यात प्रेक्षक ठरलेल्या जागी बसायचे आणि रंगवलेल्या पडद्यावर पुढून-मागून उजेड बदलत जायचा. तुम्ही तर नाटकवाले. रंगवलेल्या पडद्यावरचा राजवाडा विंगेतून बघून कुणी फसवणूक म्हणतं का? (आणि दिवाळीतल्या किल्ल्यावर बुरुजापेक्षा मोठे मावळे बघत आपण लहानाचे मोठे झालो, तेव्हा कुणी पट्टी काढली नव्हती.)

आता नाक-डोळे. माझ्या बाहुल्या एम-सीलच्या, सात सेंटिमीटर उंच, डोकं हरभऱ्यापेक्षा जरासं मोठं. पहिल्या बाहुलीला, म्हणजे गुरुदत्तना, मी ट्रिपल झिरोच्या ब्रशने डोळे काढले होते. पांढऱ्याचा ठिपका, त्यात काळ्याचा ठिपका. गुरुदत्त वीजबिल हातात पडल्यासारखे दिसायला लागले. खरवडून काढले. दोन फुटांवरून बघितलेली १:२४ ची बाहुली म्हणजे ४८ फुटांवरचा माणूस. तेवढ्या अंतरावरून तुम्हाला कुणाची बुबुळं दिसतात? खांदा कसा पडलाय, मान कुठे वळलीय, एवढंच कळतं. म्हणून चेहऱ्यावर फक्त भुवयांखालची सावली आहे, आणि ती मी मुद्दाम ठेवली आहे.

राहिला झोत. इथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. मी दुधी ॲक्रिलिकची नळी तिरकी लावून वरून एलईडी सोडला होता. नळी उजळली, पण जमिनीवर काहीच पडलं नाही. नुसता एलईडी लावला तर उजेड विखुरतो, सगळा खोका पांढरा होतो. तुमचं ‘ट्यूबलाइट’ डोक्यात घोळत राहिलं, मग मूळ प्रसंग पुन्हा पाहिला आणि लाज वाटली. चित्रपटाचे छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी तो झोत दिव्याने केलाच नव्हता. दोन मोठे आरसे लावून बाहेरचं ऊन त्यांनी स्टुडिओत आणलं होतं. मी मात्र आठ तास एलईडीच्या वायरी सोल्डर करत बसले होते, आणि गॅलरी पश्चिमेला.

सूर्य आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात. पुठ्ठ्याला तीन सेंटिमीटरचं भोक पाडलं, तर ३० सेंटिमीटर खाली कवडसा सव्वातीनच्या आसपासच राहतो. पहिला आरसा ग्रिलला बांधला, दुसरा खोक्याच्या वर. पण साध्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो. थोडं ऊन पुढच्या काचेवरूनच परततं, आणि एवढ्या लहान मापात कवडशाची कड दुहेरी दिसते. भाच्याने बंद पडलेली हार्ड डिस्क उघडून आतली तबकडी दिली. ती वरूनच चकचकीत, कड एकदम सुरीसारखी. आता वर तीच आहे.

पहिल्या दिवशी चार वाजता तो कवडसा राखाडी फरशीवर पडला आणि दोन्ही बाहुल्यांच्या सावल्या लांब झाल्या, तेव्हा मी पाच मिनिटं नुसती बघत बसले. म्हणजे चारच मिनिटं. दोन आरशांमध्ये दोन मीटर अंतर, सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, कवडसा साडेतीन सेंटिमीटर हलतो आणि भोकावरून उतरून पुठ्ठ्यावर जातो. मग ग्रिलपाशी जाऊन दोरी ओढायची. पाचनंतर ऊन पिवळं पडतं, माझे सातही राखाडी रंग चहासारखे दिसायला लागतात, आणि मग येऊरचा डोंगर सगळंच झाकून टाकतो. रोज मिळतो तो साधारण तासभर.

पण झोत हवेत दिसायला धूर लागतो, आणि तिथे मी अडकले आहे. माणूस, भिंत, शिडी, सगळं मापाने लहान करता येतं, धूर होत नाही. अगरबत्तीची वेटोळी बाहुलीच्या डोक्यापेक्षा मोठी दिसतात आणि क्षणात कळतं की हा खोका आहे. झाकण लावून दोन मिनिटं थांबलं की धूर सारखा पसरतो, पण तोवर कवडसा अर्धा सरकलेला असतो. दोरी आधी ओढून ठेवावी, तर अंदाज चुकतो.

तर मला हे सांगा: झोत दिसावा, पण धूर दिसू नये, यासाठी तुम्ही रंगमंचावर काय करायचात? ड्राय आइस नको, तो धूर खालीच लोळतो. अगरबत्तीच वापरायची असेल तर कुठली, तेही लिहा. सासूबाईंना चंदन चालतं, मोगऱ्याने त्यांचं डोकं चढतं.