"इथे बघा" म्हणजे कुठे?

दरवेळच्या शिक्षक प्रशिक्षणात तेच! तज्ज्ञ मार्गदर्शक पडद्याकडे बोट करून म्हणतात, "इथे क्लिक करा, मग हे असं येईल." आमच्या शाळेतल्या पूर्ण अंध सरांनी "इथे" आणि "हे असं" ऐकून नेमकं काय समजायचं? बटणाचं नाव उच्चारायला कितीसा वेळ लागतो?

प्रशिक्षणाचा घटकसंच, म्हणजे वाचायचं साहित्य, मागितला की पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते. स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यात एक अक्षर सापडत नाही. वर्डची फाइल मिळालीच, तर ती जुन्या, युनिकोड (संगणकाला मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळावं यासाठीची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये; मग सरांच्या कानात मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. अहो, ही फाइल कुणीतरी टाइप केलेलीच असते ना? ती युनिकोडमध्ये करा आणि दोन दिवस आधी पाठवा, बास!

कमी ऐकू येणाऱ्या बाई मुद्दाम पहिल्या रांगेत बसतात, ओठ वाचतात. तर साहेब फळ्याकडे तोंड करून बोलणार. त्यात सभागृह दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

दिव्यांग हक्कांचा कायदा 2016 सालचा आहे. तरी नावनोंदणीच्या फॉर्ममध्ये "तुम्हाला कोणती सोय लागेल?" एवढा एक रकाना अजून येत नाही. हजेरीपत्रकावर सही मात्र सगळ्यांची हवी!