इलेक्ट्रॉनच्या सिटिंग, आईची काळी पडलेली त्वचा आणि एका ताईंचा राग

ताई, तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत उत्तर देण्यासारखी नाही, म्हणून स्वतंत्रपणे लिहिते आहे.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं. आईच्या डाव्या स्तनातली गाठ काढली, मग रेडिएशनच्या पंधरा सिटिंग झाल्या आणि त्या तिला फारशा जड गेल्या नाहीत. शेवटी पाच सिटिंग ‘इलेक्ट्रॉन’च्या दिल्या. सगळं संपून आठवडा झाला आणि व्रणाभोवतीची कातडी काळी पडून सोलायला लागली, काखेच्या बाजूला पाणी सुटलं. तुम्ही विचारलंय, शेवटी हलक्या मशीनवर टाकलं का? डोस जास्त गेला का? की बिल वाढवायला पाच सिटिंग चिकटवल्या? आणि माझ्याबद्दल लिहिलंय, ‘शेक (म्हणजे रेडिएशन) घेताना काही जाणवत नाही असं लिहून तुम्ही लोकांना गाफील ठेवता.’

ते वाक्य मी मागे घेणार नाही. टेबलावर झोपल्यावर मशीन चालू असतं ते मिनिटभर. तेवढ्या वेळात घरघर ऐकू येते, क्वचित कुणाला विचित्र वास येतो, पण चटका, कळ, गरमपणा यांतलं काही लागत नाही. हे आधी कळलेला पेशंट हलत नाही, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा लिहिते. आईला जो त्रास झाला तो नंतर येणारा आहे, आणि तो तितकाच खरा आहे.

आता मशीनबद्दल. मी रेडिएशन विभागात फिजिसिस्ट आहे, त्यामुळे हे रोजच्या कामातलं सांगते. पहिल्या पंधरा सिटिंगचे एक्स-रे आणि नंतरचे इलेक्ट्रॉन हे बहुतेक ठिकाणी एकाच लिनॅकमधून, म्हणजे रेडिएशन देणाऱ्या एकाच मशीनमधून येतात. मशीनच्या आत इलेक्ट्रॉनच वेगाने पळवले जातात. ते टंगस्टनच्या टार्गेटवर आदळले की एक्स-रे तयार होतात. टार्गेट बाजूला करून पातळ पत्र्यातून तोच झोत पसरवला की इलेक्ट्रॉन बीम मिळतो. किरणोत्सर्गी कोबाल्टवर चालणाऱ्या मशीनवर ही सोय नसते, साध्या लिनॅकवरही नसते. म्हणजे आईला मिळालं ते हलकं मशीन नव्हतं, उलट जास्त सोयी असलेलं होतं.

मग त्वचेला इतका त्रास का? 6 एमव्हीच्या (ही एक्स-रेची ताकद) एक्स-रेचा सगळ्यात मोठा मारा कातडीच्या खाली साधारण दीड सेंटिमीटरवर होतो, वरची कातडी बरीचशी वाचते. इलेक्ट्रॉन तसं करत नाहीत. कातडीपाशीच त्यांचा डोस 80 ते 90 टक्क्यांच्या घरात असतो. तिथून थोडं आत जाऊन ते झपाट्याने संपतात. 9 एमईव्हीचा (ही इलेक्ट्रॉनची ताकद, म्हणजे एनर्जी) इलेक्ट्रॉन उपयोगी पडतो तो जेमतेम 3 सेंटिमीटरपर्यंत आणि साडेचारच्या आसपास थांबतोच. आईची गाठ डाव्या बाजूची होती. तिथे फासळ्यांच्या मागे फुफ्फुस आहे, त्यालगत हृदय आहे. जिथून गाठ काढली ती जागा कातडीपासून फार खोल नसेल, तर तिथे डोस देऊन मागच्या अवयवांना जवळपास मोकळं सोडणं इलेक्ट्रॉनला जमतं. त्याची किंमत कातडी मोजते. जागा खोल असेल तर आम्हीही इलेक्ट्रॉन वापरत नाही, एक्स-रेनेच देतो. कुठली एनर्जी घ्यायची हे सीटी स्कॅनवर खोली मोजून ठरतं, त्यात सर्जनने ऑपरेशनच्या वेळी ठेवलेल्या बारीक क्लिप फार कामाला येतात.

त्यात आईच्या त्या भागाला आधीच्या पंधरा सिटिंगचा डोस मिळालेला होता. त्याच कातडीवर हा वाढीव डोस बसला. कातडीच्या तळाच्या पेशींना इजा होते ती लगेच वर दिसत नाही. नव्या पेशी कमी पडायला लागतात तेव्हा ती दिसते. म्हणून शेवटची सिटिंग झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी त्रास सगळ्यात जास्त असतो, नेमका घरी गेल्यावर. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली कमी, काळेपणा जास्त दिसतो आणि घरचे घाबरतात. काखेत घाम आणि घर्षण, त्यामुळे पाणी तिथे आधी सुटतं.

मुद्दाम बघा, काळेपणाला नीट कड आहे का? इलेक्ट्रॉनच्या वेळी मशीनच्या डोक्याला ‘कोन’ नावाचं चौकोनी नळकांडं लावतात, ते कातडीच्या अगदी जवळ येतं. त्याच्या टोकाशी त्या पेशंटसाठी ओतलेली मिश्रधातूची जाड चकती बसवतात. डॉक्टरांनी छातीवर आखलेल्या रेषेबरहुकूम तिला मधे भोक असतं. आमच्या मोल्ड रूममध्ये हा धातू साधारण 70 अंशांना वितळवून ओततात, थंड झाल्यावर कडा घासतात, त्यावर पेशंटचा नंबर घालतात. पहिल्या सिटिंगला लाइटची आकृती छातीवरच्या रेषेशी जुळते की नाही ते डॉक्टर स्वतः बघतात. काळेपणा त्या आकृतीपुरता असेल तर बीम जिथे पडायला हवा होता तिथेच पडला.

डोस जास्त गेला का, हे मी आईचा चार्ट न बघता सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. पण तुम्ही सांगितलेला काळ आणि क्रम नेहमीच्या प्रतिक्रियेशी जुळतो. शंका राहिली तर विभागात जाऊन विचारा. तो तुमचा हक्क आहे.

पाच सिटिंग चिकटवल्याचा आरोप मात्र मला मान्य नाही. याला बूस्ट म्हणतात. त्याच स्तनात कॅन्सर परत येतो तेव्हा तो बहुधा मूळ जागेच्या आसपास येतो, म्हणून तेवढ्याच जागी जास्त डोस. युरोपातल्या ईओआरटीसी या कॅन्सर संशोधन संस्थेच्या मोठ्या अभ्यासात, पाच हजारांहून जास्त स्त्रियांमध्ये, 20 वर्षांनंतर त्याच स्तनात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण बूस्टविना 16.4 टक्के होतं, बूस्ट घेतलेल्यांत 12 टक्के. फायदा तरुण स्त्रियांना जास्त झाला. आयुष्य मात्र त्याने लांबलं नाही. शिवाय स्तन आतून खूप कडक होण्याचं प्रमाण 1.8 टक्क्यांवरून 5.2 टक्क्यांवर गेलं. म्हणून वय जास्त आणि धोका कमी असेल तर बूस्ट न देणंही योग्य ठरतं. ‘आईला बूस्ट का?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवा होता, आणि आजही विचारता येईल.

टेक्निशियन आईला एकटं टाकून बाहेर पळतात, असंही तुम्ही लिहिलंय. ते दिवसभर पेशंटमागून पेशंट घेतात, आत थांबले तर त्यांना रोज विनाकारण रेडिएशन मिळेल. बाहेर स्क्रीनवर ते आईकडेच बघत असतात. तिने नुसता हात वर केला तरी मशीन थांबवतात.

तुमचा राग जिथे शंभर टक्के बरोबर आहे ते सांगते. शेवटच्या दिवशी तुम्हाला कुणी ‘आता पुढचे पंधरा दिवस त्रास वाढेल’ असं सांगितलं नाही. हे वाक्य सांगायला अर्धं मिनिट लागतं. ते न सांगितल्यामुळे एक बाई घरात बसून आपलं काहीतरी चुकलं असं समजत राहते. गर्दी आहे, मला माहीत आहे, मी त्याच गर्दीत काम करते. तरीही हे सांगायलाच हवं.

आता आईसाठी. पाणी सुटलंय म्हणजे विभागाला आज फोन करा, तपासणीच्या तारखेची वाट बघू नका. ड्रेसिंग आणि मलम ते ठरवतील. तोवर हळद, खोबरेल, कोरफड, पावडर काही लावू नका. कोमट पाण्याने धुतलं तर चालतं, चोळू नका, मऊ कापडाने टिपा. चिकटपट्टी कातडीवर लावायची नाही, काढताना सालपट निघतं. ब्रा काही दिवस नको, सैल सुती गाऊन बरा. ताप आला, पू दिसला, दुर्गंधी आली किंवा लाली त्या कडेच्या बाहेर पसरायला लागली तर थेट दवाखाना गाठा. नाहीतर तीन-चार आठवड्यांत नवी कातडी धरते, काळेपणा जायला काही महिने लागतात.

नातवाला जवळ घेऊ का, असं आई विचारत होती ना? खुशाल घेऊ दे. मशीन बंद झालं की अंगात काही उरत नाही. आणि विभागाकडून उपचाराचा कागद मागून घ्या, ज्यात एकूण डोस, सिटिंग, इलेक्ट्रॉनची एनर्जी आणि कुठल्या भागाला दिलं हे लिहिलेलं असेल. तो फाइलमध्ये जपून ठेवा. पुढे कधी त्याच बाजूला उपचार करायची वेळ आली, तर कुठलाही डॉक्टर पहिल्यांदा तोच मागेल.